परकं मूल आपलं कसं होतं?

जिला कधीच दिवस गेले नाहीत, अशा बाईला दूध येऊ शकतं का?

येऊ शकतं. दत्तक घेतलेलं तान्हं बाळ दिवसातून अनेकदा छातीशी धरलं, ते पुन्हा पुन्हा चोखू लागलं, की स्तनाग्रातल्या मज्जातंतूंमधून निरोप निघतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या चिमुकल्या पीयूषिका ग्रंथीपर्यंत पोचतो. ती प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सोडते. काही आठवड्यांत दूध उतरू शकतं. डॉक्टरांचं मार्गदर्शन लागतं, कधी औषधं लागतात, बहुतेकदा वरचं दूधही द्यावं लागतं. पण नऊ महिने नाहीत, कळा नाहीत, बाळंतपण नाही आणि तरी पान्हा! हे बाळ कुणाच्या पोटचं, हे शरीर विचारत बसत नाही. बाळ छातीशी आहे आणि त्याला भूक लागली आहे, एवढी खबर त्याला पुरते.

आणि बापाचं काय? इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात रूथ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच पालक झालेल्या ८९ जणांच्या मेंदूंचं चित्रण केलं. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात बाळाचं सगळं करणाऱ्या आया होत्या, त्यांना हातभार लावणारे वडील होते आणि जिथे आई नाहीच, दोन पुरुष मिळून बाळ वाढवतात, अशा घरांतले बापही होते. या शेवटच्या घरांत दोघांपैकी एकाचं बाळाशी रक्ताचं नातं नव्हतं. बाळाच्या बारीकशा हालचालीने दचकून जागा होणारा मेंदूचा भाग आयांमध्ये फार सक्रिय होता, मदतनीस वडिलांमध्ये कमी. आणि आईविना बाळ वाढवणाऱ्या बापांमध्ये? जवळजवळ आईइतकाच! शिवाय बाप जितके जास्त तास बाळाचं करत होता, तितकी त्याच्या मेंदूतल्या काळजीच्या केंद्रांची आपसातली जोडणी घट्ट होती. दुपटी बदलून, रात्री जागून, कडेवर घेऊन फिरून मेंदू आई-बापाचा होत जातो.

म्हणजे परक्या मुलाला आपलं करण्याची सोय निसर्गाने आपल्या शरीरातच करून ठेवली आहे. मग प्रश्न उरतो समाजाचा. कुठल्याशा पाळण्यात सापडलेलं मूल एका विशिष्ट घराचं, कायमचं, वारसाहक्कासह कसं होतं? ही गोष्ट शरीराच्या गोष्टीइतकीच थक्क करणारी आहे.

आपल्याकडे दत्तकाची परंपरा फार जुनी. नंदपंडितांनी 'दत्तकमीमांसा' हा अख्खा ग्रंथ याच विषयावर लिहिला. या परंपरेतला मुख्य विधी बघा: जन्माच्या आई-बापांनी मूल द्यायचं, नव्यांनी घ्यायचं. एवढ्या देण्या-घेण्याने त्या मुलाचं गोत्र, घराणं, नाव आणि वारसा, सगळं एका दिवसात बदलायचं. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव हा शेतकरी कुटुंबातला बारा वर्षांचा मुलगा. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. त्यांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. दोन दत्तविधानं, आणि त्यांचे पडसाद किती दूरवर!

दत्तकाची ताकद इंग्रजांनीही ओळखली होती. म्हणून तर गव्हर्नर जनरल डलहौसीने नेमका त्यावरच घाव घातला. १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये झाशी. दत्तक नामंजूर, म्हणून राज्य खालसा.

पण इथे जरा थांबू. या साऱ्या दत्तकांमध्ये गरज कुणाची होती? घराची. गादीला वारस हवा, पितरांना पाणी द्यायला कुणी हवं, वंश पुढे चालायला हवा. म्हणून हवा तो मुलगा, आणि तोही माहितीतल्या कुळातला. मुलगी चालायची नाही. ज्याच्या बापाचा पत्ता नाही, असं मूल तर त्या दारात उभंही राहू शकत नव्हतं. घर रिकामं होतं, ते भरायला मूल शोधलं जायचं. ज्याला घर नाही त्या मुलासाठी घर कोण शोधणार?

पुण्यात एका दांपत्याने ते शोधलं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. दिवस गेलेल्या विधवेने तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, हवं तर बाळ तिथेच ठेवून जावं. त्या काळी अशा बाईपुढे विहीर तरी होती किंवा बाळाच्या गळ्याला नख तरी. पुढे काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा त्यांच्या आसऱ्याला आली. तिचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं. १८८७ मध्ये जोतीरावांनी रीतसर मृत्युपत्र करून त्याला वारस नेमलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तक पोराच्या हक्कावरून वाद घातला, आणि अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मरण आलं. गादी नाही, गोत्र जुळत नाही, आणि तरीही आई, बाप, मुलगा. फुल्यांच्या घरात दत्तकाची दिशाच उलटली होती.

कायद्याला तिथवर पोचायला शंभराहून अधिक वर्षं लागली. १९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि बाईलाही स्वतःसाठी दत्तक घेण्याचा हक्क मिळाला, पण फक्त हिंदूंमध्ये, आणि विवाहितेला बरोबरीचा हक्क मिळायला २०१० उजाडलं. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी जोडप्यांना तेव्हा फक्त पालकत्व मिळे. मूल सज्ञान झालं की कायद्याच्या लेखी ते नातं संपलं!

मग १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांची हेळसांड होते, व्यापार होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सविस्तर निकाल दिला आणि मूल देशाबाहेर जाण्याआधी काय काय तपासायचं, याची शिस्त घालून दिली. त्यातूनच पुढे 'कारा', म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, उभं राहिलं. २००० च्या बाल न्याय कायद्याने धर्माची भिंत ओलांडायचा रस्ता काढला, आणि कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येतं, हे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. या प्रवासाची सुरुवात झाली एका पत्राने!

आज ही यंत्रणा चालते कशी? कल्पना करा, एखाद्या संस्थेबाहेरच्या पाळण्यात पहाटे एक बाळ सापडलं. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. २४ तासांत त्या बाळाला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. वर्तमानपत्रात फोटो देऊन त्याच्या आई-बापांचा शोध घेतात. कदाचित बाळ चोरीला गेलं असेल. कदाचित कुणीतरी वेड्यासारखं त्याला शोधत असेल. दोन वर्षांखालच्या बाळासाठी ही चौकशी दोन महिन्यांत संपवायची, मोठ्या मुलासाठी चार महिन्यांत.

आणि आई स्वतःच समितीसमोर आली तर? ती मूल सोपवल्याच्या कागदावर सही करते, पण त्या सहीने काही संपत नाही. कायदा तिला ६० दिवस देतो. या ६० दिवसांत कधीही ती परत येऊ शकते, 'माझं मूल मला द्या' म्हणू शकते. कायद्याची भाषा सहसा कोरडी असते, पण या साठ दिवसांमागे बाईच्या मनाची केवढी जाण आहे! तिचं नाव गुप्त राहतं. चौकशीच्या निमित्ताने तिच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. मूल कचऱ्यात, झुडपात टाकायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हे दार उघडं ठेवलं आहे. ही एकच गोष्ट गावोगावच्या आशाताईंना, परिचारिकांना, शिक्षकांना, पोलिसांना नीट माहीत झाली, तरी कितीतरी बाळं वाचतील.

मुदत संपली, कुणी आलं नाही, की समिती जाहीर करते: हे मूल दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मोकळं आहे. इथे रांगेतल्या पालकांची पाळी येते. त्यांनी काराच्या संकेतस्थळावर नोंदणी केलेली असते. समाजसेविका घरी येऊन गेलेली असते. तिने स्वयंपाकघर, उत्पन्न, तब्येत तर पाहिलेलीच असते, पण आजी-आजोबांचं मत काय आणि पहिलं भावंड असेल तर त्याला काय वाटतं, हेही विचारलेलं असतं. रांग देशभराची एकच, रेल्वेच्या आरक्षणासारखी: ज्याची नोंद आधी, त्याचा नंबर आधी. ओळख चालत नाही, पैसा चालत नाही. नंबर लागला की एका मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल येतो, आणि होकार कळवायला मिळतात ४८ तास. मग भेट, मग स्वीकार.

वयाची अटही कुणाच्या बाजूने आहे बघा. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नको. एकल पालक असेल तर वय ४० पर्यंत. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही. मूल कॉलेजात जाईल तेव्हा पालक हिंडते-फिरते असावेत, असा हा वयाचा हिशेब आहे. जुन्या दत्तविधानात घराची सोय बघत होते, इथे प्रत्येक कलम मुलाच्या सोयीने लिहिलेलं आहे.

शेवटी दत्तकाचा आदेश निघतो. पूर्वी तो न्यायालय देत असे, २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. आदेश निघाला की मूल त्या आई-बापांचं, जणू त्यांच्याच पोटी जन्मलेलं. जन्माच्या दाखल्यावर आई-वडील म्हणून त्यांची नावं येतात. वारसाहक्क पूर्ण. परत करायची वस्तू नव्हे, अटीवरचं नातं नव्हे. मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, कुणीतरी येऊन विचारून जातं: बाळ कसं आहे?

पण दोन महिने, चार महिने, अशी मुदतींची एवढी घाई कशाला? संस्थेत दूध मिळतं, छप्पर असतं, औषध असतं. मग अडतं कुठे?

याचं उत्तर रोमानियाने फार मोठी किंमत मोजून दिलं. १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा जगाला तिथली अनाथालयं दिसली. एक लाखाहून जास्त मुलं, पाळण्यांच्या रांगा, आणि रडल्यावर उचलून घ्यायला हातच पुरेसे नाहीत. २००० पासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमधली १३६ लहान मुलं अभ्यासली. त्यांतली निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडून, प्रशिक्षित पालकांच्या घरी वाढवायला दिली. घरी गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसांशी जुळवून घेणं, सगळंच सुधारलं. पण खरी चकित करणारी गोष्ट मेंदूच्या आलेखात दिसली. दोन वर्षांचे होण्याआधी घरी गेलेल्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आठव्या वर्षी पाहिल्या, तर त्या कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांसारख्या होत्या! उशिरा गेलेल्यांच्या मात्र तशा नव्हत्या. बाळ हुंकार देतं, कुणीतरी हसून ओ देतं, बाळ पुन्हा हुंकारतं. या देवघेवीतून मेंदूची जडणघडण होते, आणि ती व्हायचा काळ थोडा असतो. फाइल टेबलावर पडून राहते, त्या एकेका महिन्याचा हिशेब बाळाच्या मेंदूत लागत असतो.

शरीरही हेच सांगतं. अपुऱ्या काळजीच्या संस्थांत मुलांची उंची दर तीन महिन्यांमागे साधारण महिनाभराने मागे पडते, असं आढळलं आहे. खायला मिळत असूनही! आणि तीच मुलं घरी गेली की भराभर वाढ भरून काढतात. नेदरलँड्समधल्या मारिनस व्हॅन आयझेंडोर्न आणि फेमी युफर यांनी २७० हून अधिक अभ्यासांची एकत्र पाहणी केली. दत्तक गेलेली मुलं उंची, माया आणि बुद्धी या साऱ्यांत मागे राहिलेल्या सोबत्यांच्या कितीतरी पुढे जातात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मुलाच्या वाढीसाठी घर हाच सर्वांत गुणकारी उपाय ठरतो.

मग नव्या घरात आल्यावर जुनं सगळं पुसून जातं का? इथे आणखी एक आश्चर्य वाट पाहतं आहे.

चीनमधून तान्हेपणी कॅनडातल्या माँट्रियलला दत्तक गेलेल्या काही मुली. फक्त फ्रेंच बोलणाऱ्या, चिनीचा एक शब्द न आठवणाऱ्या. २०१४ मध्ये त्यांना चिनी भाषेतले चढउताराचे सूर ऐकवून त्यांचे मेंदू पाहिले. मेंदूच्या डाव्या बाजूला नेमके तेच भाग उजळले, जे चिनी बोलणाऱ्यांचे उजळतात. दहा-बारा वर्षं झाली होती! २०१७ चा एक अभ्यास तर कोरियातून नेदरलँड्सला दत्तक गेलेल्या प्रौढांचा. कोरियन उच्चार शिकायला बसल्यावर ते इतर डच लोकांपेक्षा सरस ठरले. सहा महिन्यांचे होण्याआधी गेलेले लोकसुद्धा! म्हणजे अजून एकही शब्द न बोलणाऱ्या बाळाने आजूबाजूची भाषा आत जपून ठेवली होती. आठवण म्हणून ती हाती लागत नाही, पण ती आहे.

म्हणूनच मुलाची कहाणी दत्तकाच्या दिवसापासून सुरू झाली असं भासवणं खोटं आहे, आणि त्याच्यावर अन्यायही. आज जाणकार सांगतात: लपवू नका, मूल अगदी लहान असल्यापासून गोष्टीसारखं सांगत राहा. 'तू दुसऱ्या आईच्या पोटातून आलास आणि आम्ही तुला घरी आणलं' हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या वर्षी ऐकलेल्या मुलाला ते निळ्या आकाशाइतकं साधं वाटतं. तेच विसाव्या वर्षी लग्नमांडवात एखाद्या मावशीच्या तोंडून कळलं, तर पायाखालची जमीन सरकते. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. अठरा वर्षांनंतर दत्तक मूल आपल्या मुळाचा शोध घ्यायला अर्ज करू शकतं, मात्र जन्मदात्या आईचं गुपित सांभाळून. दोघांच्याही हक्कांना जागा आहे.

पुण्यात १९७९ मध्ये जन्मलेली, ससून रुग्णालयाशी जोडलेल्या श्रीवत्स संस्थेतून दत्तक गेलेली एक मुलगी ऑस्ट्रेलियात वाढली. लिसा स्थळेकर तिचं नाव. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी असं दुहेरी यश मिळवणारी जगातली पहिली महिला. विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघांतली खेळाडू. पुण्याची, सिडनीची, आणि मुंबईत जन्मलेल्या बापाचं आडनाव लावणारी. यातलं काहीही दुसऱ्याला खोडत नाही.

२०२४-२५ मध्ये देशातली ४,५१५ मुलं दत्तक गेली. आणि रांगेत उभे आहेत तीस हजारांहून अधिक पालक. तान्ह्या, निरोगी बाळासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. त्याच वेळी सहा, आठ, दहा वर्षांची मुलं, एकमेकांना न सोडणारी भावंडं, हृदयाला छिद्र किंवा कानाने अधू असलेली बाळं घराची वाट पाहत राहतात. वाट मोठी म्हणून कुणी आडवाटेने, एखाद्या दवाखान्यातून परस्पर मूल उचलायला जातं. तो गुन्हा आहे. त्यामागे कुणाची तरी हिरावलेली कूस असू शकते, आणि त्या मुलाच्या हाती कुठलाच हक्क येत नाही. एकटं मूल दिसलं तर करायची गोष्ट एकच: १०९८ वर फोन.

शरीर आपलं काम करतं, मेंदू करतो, कायदाही बऱ्यापैकी करतो. उरलेलं काम शेजाऱ्यांचं, शिक्षकांचं, नातेवाइकांचं, म्हणजे आपलं आहे. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगताना त्या झाडाला दोन मुळं असू शकतात हे लक्षात ठेवणं, 'खरी आई कोण?' हा प्रश्न मुलासमोर कधीही न विचारणं, 'किती पुण्याचं काम केलंत' असं पालकांना न म्हणणं. पुण्य कसलं? त्यांना मूल हवं होतं आणि मुलाला आई-बाप. आणि एखाद्या घरात कुणी विचारलंच, 'हे तुमचं स्वतःचं की दत्तक?', तर आपण मध्येच ठामपणे सांगावं: दत्तक आहे, आणि त्यांचं स्वतःचंच आहे.